पाण्याच्या वाटेने जुन्या शहराची ओळख

दिवाळीची सुट्टी संपली की राज्यातील शाळांना सहलींचे वेध लागतात. सूचना फळ्यावर लागते, वर्गणीचा आकडा जाहीर होतो आणि वर्गातील काही हात वर होता होता थांबतात. ज्या मुलांनी आपला जिल्हाही धड पाहिलेला नाही, तीच मुले पुष्कळदा मागे राहतात. जी जातात त्यांचाही बराच वेळ गाडीत जातो. एका दिवसात पाच-सहा स्थळे उरकायची, प्रत्येक ठिकाणी अर्धा तास थांबायचे आणि घरी परतताना नावांची सरमिसळ घेऊन यायचे, असा हा प्रकार असतो.

वास्तविक जुने शहर पाहण्यास पैसा थोडा आणि पूर्वतयारी अधिक लागते. सहलीच्या खर्चातील मोठा वाटा वाहनाचा व मुक्कामाचा असतो. स्थळे कमी केली, ती परस्परांच्या जवळची निवडली आणि पाहण्यासाठी एखादे सूत्र ठरविले, तर खर्च उतरतो व ज्ञान वाढते. असे सूत्र कसे धरावे, याचे उत्तम उदाहरण म्हणून छत्रपती संभाजीनगर व त्याच्या परिसराकडे पाहता येईल.

पाणी हेच सूत्र

या शहराची नावे काळानुसार बदलत गेली. निजामशाहीचा कर्तबगार वजीर मलिक अंबर याने १६१० साली खडकी या गावी राजधानी वसविली. पुढे तिला फतेहनगर, नंतर औरंगाबाद आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर असे नाव मिळाले. राजवटी व नावे बदलली, तरी एक प्रश्न मात्र कायम राहिला. तो म्हणजे या कमी पावसाच्या, खडकाळ मुलखात एवढ्या माणसांना पाणी द्यायचे कोठून?

मलिक अंबराने या प्रश्नाचे उत्तर जमिनीखाली शोधले. शहराच्या उत्तरेस असलेल्या डोंगराळ भागातील पाझर एकत्र करून त्याने ते भूमिगत नळांतून वस्तीपर्यंत आणले. ही योजना नहर-ए-अंबरी या नावाने ओळखली जाते. पाणी उतारानेच वाहत येई, त्यामुळे ते आणण्यास बैल लागत नसत की मोट लागत नसे. वाटेत ठिकठिकाणी उंच मनोरे बांधलेले असत. स्थानिक लोक त्यांना बंब म्हणतात. बंद नळात अडकलेली हवा या मनोऱ्यांतून बाहेर पडे, गाळ तळाशी बसे आणि पाण्याचा दाब आटोक्यात राही. पुण्याच्या कात्रज नळावरील उच्छ्वास याच जातीचे आहेत. विज्ञानाच्या पुस्तकातील ‘पाणी आपली पातळी गाठते’ हा नियम येथे चुन्या-विटांत उभा आहे. शिक्षकाने तो वर्गात शिकवून मग मुलांना बंबाजवळ न्यावे, म्हणजे वेगळे व्याख्यान देण्याची गरज उरत नाही.

पहिला दिवस : पायी

सहलीचा पहिला दिवस सर्वस्वी पायी घालविता येतो. आरंभ पाणचक्कीपासून करावा. अठराव्या शतकातील या चक्कीसाठी डोंगरातून स्वतंत्र नहर आणलेली आहे. भिंतीच्या उंचीवरून पाणी हौदात कोसळते आणि पाण्याच्याच जोरावर दळणाचे जाते फिरे. येथे दळलेले पीठ फकीर व वाटसरू यांच्या उपयोगी पडे. हौद पाहून पुष्कळ लोक परततात, परंतु खरे आश्चर्य खालीच आहे. या हौदाचा तळ म्हणजेच खालच्या प्रशस्त दालनाचे छत होय. डोक्यावर पाणी असल्यामुळे हे दालन उन्हाळ्यातही थंड राहते.

जवळच खाम नदीच्या पुलावर मकाई दरवाजा आहे. तेथून भडकल दरवाजाकडे जावे. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून मलिक अंबराने तो १६१२ साली उभारला. शहराभोवतीचा तट मात्र नंतरचा, १६८२ च्या सुमाराचा, औरंगजेबाच्या काळातील आहे. मराठ्यांच्या हल्ल्यांची धास्ती हे त्याचे कारण होते. बावन्न दरवाजांचे शहर असा याचा लौकिक आहे. आज त्यांपैकी मोजकेच दरवाजे उभे आहेत आणि तटाचा बराच भाग नाहीसा झाला आहे. दरवाजांच्या नावांवरून जुने रस्ते ओळखण्याचा खेळ मुलांना आवडतो. दिल्ली दरवाजा उत्तरेस का व पैठण दरवाजा दक्षिणेस का, हे नकाशावर पाहिले की शहर आपोआप उलगडते.

दुपारनंतर बीबी का मकबरा पाहावा. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू बेगम हिची ही कबर सतराव्या शतकातील आहे. ताजमहालाची प्रतिकृती म्हणून तिची बोळवण करण्याचा प्रघात आहे. त्यापेक्षा संगमरवर कोठे संपतो ते मुलांना शोधावयास सांगावे. घुमट आणि भिंतींचा खालचा भाग संगमरवरी आहे, बाकीचे काम दगड व त्यावरील चुन्याच्या नक्षीदार गिलाव्याचे आहे. बांधकामास सुमारे पावणेसात लाख रुपये लागल्याची नोंद सांगितली जाते. बेताच्या पैशात कारागिरांनी काय साधले, हे या गिलाव्याच्या वेलबुट्टीत दिसते. काटकसरीने निघालेल्या प्रवाशांना हा धडा विशेष मानवेल.

दुसरा दिवस : एकाच बाजूची तीन स्थळे

देवगिरी अर्थात दौलताबाद, खुलताबाद आणि वेरूळ ही तिन्ही स्थळे शहराच्या एकाच बाजूस आहेत. वेरूळचे अंतर सुमारे ३० किलोमीटर आहे आणि उरलेली दोन्ही स्थळे त्याच्या अलीकडे लागतात. क्रम चुकला तर ऊन व श्रम दोन्ही वाढतात, म्हणून सकाळी देवगिरी, मध्यान्ही खुलताबाद व दुपारनंतर वेरूळ असा क्रम ठेवावा.

देवगिरीची चढण ऊन तापण्यापूर्वी संपवावी. यादवांची ही राजधानी. महंमद तुघलकाने १३२७ साली दिल्लीहून येथे राजधानी हलविली, परंतु ती टिकली नाही. पाण्याची टंचाई हे त्याचे एक कारण सांगितले जाते. किल्ल्यातील हत्ती हौद, कड्याभोवती कोरलेला खंदक आणि मातीच्या नळांचे अवशेष पाहताना हा संदर्भ ध्यानात ठेवावा. अंधारी या नावाच्या भुयारी मार्गात शिरण्यापूर्वी मुलांची मोजदाद करावी व प्रत्येक गटाजवळ विजेरी असावी.

खुलताबाद येथे मलिक अंबराची कबर आहे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेला हा मनुष्य दख्खनचा वजीर झाला आणि १६२६ साली मरण पावला. आदल्या दिवशी त्याची नहर पाहिलेल्या मुलांना येथे अधिक काही सांगावे लागत नाही.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख असल्यामुळे तेथे उतरत्या उन्हात शिल्पे उजळून निघतात. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे वरून खाली कोरीत आणलेले आहे. राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातील हे काम होय. १९८३ साली वेरूळचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. परतण्यापूर्वी गावातील शिवालय तीर्थकुंड अवश्य पाहावे. अहिल्याबाई होळकरांनी जीर्णोद्धार केलेल्या या कुंडाच्या पायऱ्यांवर बसले की दोन दिवसांचे सूत्र पूर्ण होते. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात, याचे भान ठेवून दिवस ठरवावा.

खर्चाचे गणित

शालेय सहलींसाठी राज्य परिवहन महामंडळ प्रासंगिक करारावरील बसभाड्यात ५० टक्के सवलत देते. खासगी गाडी ठरविण्यापूर्वी जवळच्या आगारात चौकशी करणे अगत्याचे आहे. शिक्षणाधिकारी कार्यालयाची पूर्वपरवानगीही वेळेवर घ्यावी. कुटुंबासह निघणाऱ्यांना महामंडळाचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार अथवा सात दिवसांचा पास उपयोगी पडतो. महिलांना मार्च २०२३ पासून साध्या तिकिटातही निम्मी सवलत आहे.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश विनामूल्य असतो. त्यासाठी शाळेचे पत्र व विद्यार्थ्यांची यादी सोबत ठेवावी. मुक्कामासाठी शाळांनी परस्परांच्या इमारती एका रात्रीपुरत्या उपलब्ध करून दिल्यास मोठा खर्च वाचतो. आज एका शाळेने दुसऱ्या शाळेच्या मुलांना आसरा दिला, तर पुढील वर्षी तिच्याही मुलांना तिकडे हक्काची जागा मिळते. पहिल्या दिवसाची शिदोरी घरून न्यावी. पाण्याच्या बाटल्या भरून घ्याव्यात व रिकाम्या परत आणाव्यात.

प्रत्येक मुलाजवळ वही, पेन्सिल व एक दोरी असावी. दरवाजाची रुंदी पावलांनी मोजणे, कमानीचे चित्र काढणे आणि शेजारच्या वृद्ध रहिवाशाला या जागेचा पूर्वीचा उपयोग विचारणे, एवढी तीन कामे पुरेशी आहेत. भिंतीवर नाव कोरणे हा केंद्र संरक्षित स्मारकांच्या बाबतीत शिक्षेस पात्र गुन्हा आहे, हे निघण्यापूर्वीच सांगावे.

गावी परतल्यावर

सहलीचे खरे फळ गावी परतल्यावर दिसावयास हवे. महाराष्ट्रातील असंख्य गावांत बारव, वेस, गढी, धर्मशाळा, हेमाडपंती देऊळ यांपैकी काही ना काही आहे. त्यांतील थोड्याच वास्तू शासनाच्या संरक्षित यादीत आहेत. उरलेल्यांचा रखवालदार गावाखेरीज कोणी नाही. नळाचे पाणी आले तेव्हा बारवेची गरज सरली, मग तीत कचरा पडू लागला आणि काही ठिकाणी ती बुजवूनही टाकली गेली. त्याच गावांत उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची वेळ येते, तेव्हा बुजविलेल्या बारवेची आठवण होते. नहर बांधणाऱ्या शहरालाही आज पैठणच्या नाथसागरातून पाणी उपसून आणावे लागते, आणि उताराने येणारे पाणी व विजेच्या पंपाने येणारे पाणी यांतील फरक विजेच्या देयकात दिसतो.

यासाठी ग्रामपंचायतींनी फार मोठा खर्च करण्याची आवश्यकता नाही. सहलीहून परतलेल्या मुलांकडून गावातील जुन्या वास्तूंची एक नोंदवही तयार करून घ्यावी. वास्तूचे नाव, ठिकाण, लांबी-रुंदी, पाणी असल्यास ते कोणत्या महिन्यापर्यंत टिकते, शिलालेख आहे काय, मालकी कोणाची आणि पडझड कोठे आहे, एवढे रकाने पुरेत. ही वही ग्रामसभेपुढे ठेवावी व तिची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाकडे पाठवावी. गाळ काढण्याचे काम श्रमदानाने होऊ शकते. दगड हलविणे, सिमेंटचा गिलावा चढविणे किंवा रंग फासणे मात्र तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून करू नये, कारण चुन्याच्या जुन्या बांधकामाला सिमेंट मानवत नाही.

संभाजीनगरच्या नहरीला जागोजागी इजा पोहोचली ती शत्रूच्या तोफांनी नव्हे. पायाखाली काय आहे हे ठाऊक नसलेल्यांनी जमीन खोदली, म्हणून ती तुटली. गावच्या बारवेवर अशी पाळी येऊ नये, यासाठी तिची नोंद कागदावर आणि ओळख मुलांच्या मनात असली पाहिजे. येत्या सहलीच्या आखणीतच या कामाचा समावेश शाळांना व पंचायतींना करता येईल.