आधी काय, मग काय?

४ नोव्हेंबर २०१०. सिडनीकडे निघालेल्या क्वांटासच्या एअरबस ए३८० ने सिंगापूर सोडून जेमतेम चार मिनिटं झाली होती. इंडोनेशियातल्या बाताम बेटावर, सुमारे ७,००० फूट उंचीवर, पाठोपाठ दोन धमाके झाले. दुसऱ्या इंजिनातली टर्बाइनची चकती फुटली होती. तेलाच्या एका नळीची भिंत बनवतानाच एका बाजूने पातळ राहिली होती. तिला तडा गेला, तेल गळून आग लागली आणि आसापासून सुटलेली चकती बेफाम फिरून फुटली. तिच्या तुकड्यांनी पंख भेदला, तारा तोडल्या. हायड्रॉलिक्स, इंधन, वीज, ब्रेक अशा सगळ्या यंत्रणांच्या तक्रारी एकदमच पडद्यावर येऊ लागल्या.

अशा वेळचा क्रम वैमानिकांच्या अंगी बाणवलेला असतो: आधी विमान सांभाळायचं, मग मार्ग ठरवायचा, मग संपर्क साधायचा. कॅप्टन रिचर्ड डी क्रेस्पिनी यांनी प्रथम चढण थांबवून उंची आणि दिशा स्थिर केली. मग ते विमानावर लक्ष ठेवून राहिले आणि सहवैमानिक एकेक सूचना हाताळू लागला. संगणक बिघाड निकडीनुसार लावतो, उपायही सांगतो. पण पंखाला भोक पडलंय हे त्याला दिसत नाही. एका टाकीतलं इंधन दुसरीत घ्या, असं तो सुचवत होता. टाक्याच फुटल्या असतील तर? वैमानिकांनी ते टाळलं. काय बिघडलं याची यादी संपेना, तेव्हा कॅप्टननी प्रश्नच उलटा केला: चालू काय काय आहे?

विमान हवेत तरंगत होतं, इंधन पुरेसं होतं. म्हणून त्यांनी घाई केली नाही. सूचना निपटायला सुमारे ५० मिनिटं लागली. इंधन बाहेर सोडता येत नव्हतं, त्यामुळे वजन उतरण्याच्या मर्यादेपेक्षा सुमारे ५० टन जास्त. गणितानुसार ४,००० मीटरच्या धावपट्टीवर जेमतेम १३९ मीटर शिल्लक राहणार होते. प्रत्यक्षात विमान सुमारे १५० मीटर राखून थांबलं.

पण पहिलं इंजिन बंदच होईना. तापलेल्या ब्रेकजवळ इंधन गळत होतं. तरी घसरगुंड्या उघडल्या नाहीत. बाहेरच्यापेक्षा आतच धोका कमी, असं कॅप्टननी ठरवलं. अग्निशामक दलाने फेस मारल्यावर प्रवासी एकाच दारातून शिडीने उतरले. ४६९ जणांपैकी कुणालाही इजा झाली नाही.