मुक्या सोबत्याचे आजारपण

घरात कोणी आजारी पडले, की आपण त्याच्या उशाशी बसून पहिला प्रश्न विचारतो, 'काय होते आहे?' कुत्रा आजारी पडला म्हणजे या प्रश्नाची सोयच उरत नाही. तो कोपऱ्यात जाऊन पडतो, ताटलीकडे पाहत नाही, हाक मारली तर शेपूट एकदा हलवतो आणि पुन्हा डोळे मिटतो. दुखते कोठे हे त्याला सांगता येत नाही. आणि सकाळी बागेत आपण काय हुंगले, काय चघळले, हे तर मुळीच नाही. पशुवैद्याचे ज्ञान कितीही मोठे असो, या रोग्याची हकीकत त्याला दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडून ऐकावी लागते. ते तोंड धन्याचे असते. माझ्या आजच्या बोलण्याचा रोख या एका गोष्टीवर आहे.

हकीकतीला एवढे महत्त्व का, हे एका लक्षणावरून पाहू. कुत्र्याच्या नाकातून रक्त येऊ लागले, असे समजा. याचे एक कारण उंदरांचे औषध हे असू शकते. वॉर्फरिन हे द्रव्य १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी वापरात आले आणि पुढे त्याच जातीची अधिक तीव्र औषधे निघाली. ही औषधे रक्त गोठण्याची क्रिया बंद पाडतात. परंतु पोटात गेल्यावर तीन ते पाच दिवस कुत्रा हसता-खेळता दिसतो. रक्तस्राव सुरू होतो तेव्हा ती गोळी कोणाच्या ध्यानातही नसते. दुसरे कारण म्हणजे गोचीड-ताप. कुत्र्यांच्या अंगावरील तपकिरी गोचिडाकडून एर्लिकिया नावाचा अतिसूक्ष्म जंतू रक्तात शिरतो; हा रोग १९३५ साली अल्जीरियात प्रथम वर्णिला गेला. चावल्यापासून एक ते तीन आठवड्यांनी ताप येतो, भूक जाते आणि रक्तातील प्लेटलेट उतरल्यामुळे नाकातून रक्त येते. लक्षण एकच, पण पहिल्या दुखण्यावर के-१ जीवनसत्त्व कित्येक आठवडे द्यावे लागते, तर दुसऱ्यावर डॉक्सिसायक्लीन.

काही वर्षांपूर्वी उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्याच्या गावी आमच्या राजाला नेमके असेच झाले. डॉक्टरांनी त्याला तपासण्यापूर्वी आम्हालाच तपासले म्हणावयास हरकत नाही. माळ्याने सांगितले, की शेजारच्या कोठारात आठवड्यापूर्वी उंदरांचे औषध टाकले होते. माझ्या पत्नीने सांगितले, की तीन आठवड्यांपूर्वी त्याच्या कानातून पाच-सहा गोचीड काढले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. डॉक्टरांनी रक्त तपासावयास पाठविले आणि निकाल हाती येईपर्यंत दोन्ही दिशांनी उपचार चालू ठेवले. प्लेटलेट फार उतरल्या होत्या. रक्त गोठण्यास लागणारा वेळ मात्र योग्य होता. गोचीड-तापाचे निदान झाले, २८ दिवस औषध चालले, आणि दुसऱ्या आठवड्यात राजा पोळीचा तुकडा मागू लागला. त्या दोन साध्या आठवणी नसत्या, तर डॉक्टरांना अंधारात चाचपडावे लागले असते.

कावीळ हेही असेच फसवे लक्षण आहे. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यात उंदराचे मूत्र मिसळले, की त्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि यकृत व मूत्रपिंडे बिघडतात. कोकण, केरळ, अंदमान या भागांतील श्रोत्यांना हे नाव परिचित असेल, कारण हा रोग माणसांनाही होतो. म्हणून अशा कुत्र्याचे मूत्र उघड्या हातांनी पुसू नये. पण कावीळ सायकसमुळेही होते. ताडासारखी दिसणारी, वास्तविक ताड नसलेली ही झाडे आज कित्येक बंगल्यांच्या दारांशी कुंड्यांतून उभी आहेत. त्यांचा प्रत्येक भाग विषारी, आणि नारिंगी-तांबडी बी सर्वांत विषारी. बी चघळल्यावर काही तासांत उलट्या होतात. मग कुत्रा सुधारल्यासारखा वाटतो आणि दोन-तीन दिवसांनी यकृत निकामी होऊ लागते. हा मधला काळ फार फसवा असतो.

आपल्या बागांत अशा आणखीही काही वस्तू आहेत. कण्हेर, आणि जिच्या बियांशी मुले खेळतात ती बिट्टी, या दोहोंचे विष हृदयावर चालते. एरंडाच्या बिया आणि गुंजा चावून फुटल्या तर घातक ठरतात. एरंडीची पेंड खत म्हणून घालतात. उष्णतेने तिच्यातील विष पुरते निकामी झालेले नसेल, तर तीही तितकीच घातक, आणि तिच्याबरोबर हाडांचे खत मिसळले असेल तर कुत्रा ती आवडीने उकरतो. गोगलगायींसाठी टाकलेल्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांनी अंगाला कंप सुटून झटके येतात. झिंक फॉस्फाइड या उंदरांच्या औषधाचा जठरातील आम्लाशी संयोग होऊन विषारी वायू तयार होतो. असा कुत्रा मोटारीतून नेताना काचा उघड्या ठेवाव्यात, नाहीतर त्याच्या वांतीतील वायू नेणाऱ्यालाही बाधतो. याच्या उलट, डिफेनबाकियाचे पान चावले तर तोंडाची आग होते, लाळ गळते, पण सहसा जीव जात नाही. गुलाब आणि मोगरा यांच्याबद्दल तर भीतीचे कारणच नाही. बाग उजाड करावी, असे माझे म्हणणे नाही. तिच्यात काय आहे ते ठाऊक असावे, एवढेच.

आता प्रत्यक्ष आजाराच्या वेळी काय करावे? प्रथम एक वही घ्यावी. उलटी केव्हा झाली, तिचा रंग कसा, पाणी प्याला काय, लघवी झाली काय, हे वेळेसह लिहावे. निरोगी कुत्र्याचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. माणसाचा ताप ती त्याची प्रकृती, हे लक्षात ठेवावे. त्याच्या हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्यावर पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हावा. झोपेतील श्वास मिनिटाला ३० हून कमी असावेत. मात्र स्वभाव एकाएकी पालटला असेल, लाळ गळत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात हात मुळीच घालू नये. रेबीजची शक्यता डॉक्टरांनी नाकारेपर्यंत दूर राहणेच शहाणपणाचे.

विष पोटात गेल्याचा संशय असेल, तर मिठाचे पाणी पाजून ओकारी काढू नये. ते मीठच कित्येकदा बाधते. दूध आणि तूप हे विषावरचे उतारे नव्हेत. माणसांच्या ताप-दुखण्याच्या गोळ्या त्याला देऊ नयेत. चघळलेले पान, उरलेली बी, औषधाचे वेष्टन बरोबर घ्यावे आणि लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठावा. तालुक्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याचा बहुतेक वेळ गाई-म्हशींत जातो. म्हणून जेथे रक्ततपासणी होते असे जवळचे ठिकाण कोणते, हे आधीच विचारून ठेवावे.

इतके करूनही कधी कधी हाती यश येत नाही. अशा वेळी घरात दोष कोणाचा याचा शोध सुरू होतो: माळ्याने फाटक उघडे ठेवले, मुलांनी बी आणली. पुष्कळदा खरे कारण कधीच कळत नाही, आणि या शोधाने रोग्याला घोटभर पाणीही मिळत नाही. त्यापेक्षा त्याची कूस दर काही तासांनी बदलावी, अंथरूण कोरडे ठेवावे, मुलांना खरे ते सौम्य शब्दांत सांगावे. वेदना औषधाने आवरत नाहीत, तो खात नाही, उठत नाही, आणि सुधारणेची आशा नाही असे डॉक्टर सांगतात, तेव्हा दयामरणाचा प्रश्न उभा राहतो. महाभारतात युधिष्ठिराने बरोबर आलेल्या कुत्र्यासाठी स्वर्गाचे दार नाकारले, कारण आश्रिताचा त्याग त्याला अधर्म वाटला. असाध्य वेदनेतून सोडविणे हा त्याग नव्हे, असे मला वाटते. त्याला परक्या हातांत सोपवून आपण व्हरांड्यात जाऊन उभे राहणे, हा मात्र त्याग होईल. शेवटच्या क्षणी त्याच्या डोक्यावर ओळखीचा हात असावा.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळ जण नोकरीनिमित्त दिल्ली, भोपाळ, बंगळूर अशा ठिकाणी दुसऱ्याने लावलेल्या बागांत राहावयास जातात. आदल्या बिऱ्हाडाने कोठे काय लावले, कोणत्या बिळात कोणते औषध घातले, हे आपल्याला ठाऊक नसते. सामान उतरल्यावर, कुत्र्याची साखळी सोडण्यापूर्वी, तेथल्या माळ्याला बरोबर घेऊन त्या बागेतून एक सावकाश फेरी मारावी आणि त्याला प्रत्येक झाडाचे नाव विचारावे.