गेटवरचं रडणं

जूनच्या मध्यावर शाळा उघडल्या की पुण्यात स्वारगेटच्या आसपास, मुकुंदनगर, गुलटेकडी, महर्षीनगर या भागात, सोसायट्यांच्या तळमजल्यांवर भरणाऱ्या प्लेग्रुपच्या दारात सकाळी रडारड ऐकू येते. रेनकोट घातलेलं मूल आईच्या गळ्याला मिठी मारून असतं, मावशी ती मिठी सोडवत असतात आणि आईला कामावर पोचायचं असतं. सल्ले तिला भरपूर मिळालेले असतात. शेजारीण, सासूबाई, मागच्या वर्षी यातून गेलेली मैत्रीण, सगळ्यांनी मायेनेच सांगितलेलं असतं. पण त्यातले काही सल्ले चुकीचे आहेत आणि एक तर मुलाला सरळसरळ दुखावणारा आहे. तोच आधी घेऊ.

‘त्याचं लक्ष नाही तोवर गुपचूप निघून जा.’ हे का सुचतं ते समजतं. आईला रडणं पाहावं लागत नाही, टीचरना ओढाताण करावी लागत नाही. पण मुलाच्या बाजूने पाहा. ते ठोकळे रचत होतं, मागे वळलं, तर आई नाही. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला आई डोळ्यांआड झाली तरी ती कुठेतरी आहे हे कळतं. ती कधी येणार हे मात्र कळत नाही, कारण ‘साडेबारा वाजता’ या शब्दांना त्याच्या लेखी अजून काही अर्थ नसतो. अशा मुलाला यातून एवढंच कळतं की आपण खेळण्यात रमलो की आई नाहीशी होते. मग ते रमायचंच टाळतं. घरीही आई बाथरूममध्ये गेली की दाराशी बसून राहतं, झोपेत दचकून तिला चाचपतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या कोपऱ्यावरच रिक्षात रडू लागतं.

म्हणून निघताना सांगूनच निघावं, मूल रडलं तरी. निरोप छोटा असावा आणि रोज तसाच असावा: एक पापी, टाटा, आणि ‘तू डबा खाशील, झोक्यावर खेळशील, मग मी घ्यायला येते.’ घड्याळ कळत नसलं तरी डबा आणि झोका यांचा क्रम त्याला कळतो. एकदा टाटा केल्यावर खिडकीतून डोकावणं, ‘अजून एकदाच’ म्हणून परत येणं, हे मुलाला आणखी जड जातं. आणि सांगितलेली वेळ पाळावी. सप्टेंबर 2024 मध्ये स्वारगेटपर्यंत भुयारी मेट्रो आली, तेव्हापासून मुलाला सोडून थेट स्टेशन गाठणारे पालकही आहेत. मेट्रो चुकेल ही आईबाबांची धास्ती मुलापर्यंत पोचते. दहा मिनिटं लवकर निघणं हा यावरचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

‘एवढं रडतंय म्हणजे लाडावलंय, आईला फार चिकटलंय.’ हे ऐकून आया स्वतःलाच दोष देतात, आणि त्याचं फार वाईट वाटतं. जवळच्या माणसापासून दूर होण्याची भीती साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास दिसू लागते, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान सर्वात तीव्र असते आणि बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरत जाते. मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी आणि मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी विसाव्या शतकाच्या मध्यापासून केलेल्या कामातून हे स्पष्ट झालं की मूल आईला धरून असतं ते तिथूनच जग पाहायला बाहेर पडण्यासाठी. जर्मनीत पाळणाघरात जाऊ लागलेल्या पंधरा महिन्यांच्या सत्तर मुलांचा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईशी घट्ट, सुरक्षित नातं असलेली मुलं ती निघून गेल्यावर इतर मुलांपेक्षा जास्त कुरकुरली, जास्त रडली. नातं पक्कं असलं की रडणं कमी, हे समीकरण तिथे उलटं निघालं.

त्याच अभ्यासाने आणखी एक समजूत मोडली: ‘सोडून द्या, रडून रडून होतं गप्प.’ संशोधकांनी मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताण आला की शरीरात वाढणारं संप्रेरक, मोजलं होतं. आई निघून गेल्यावरच्या पहिल्या तासात ते घरच्यापेक्षा 75 ते 100 टक्क्यांनी वाढलं, आणि ते दोन्ही गटांत वाढलं. कमी रडणारी मुलंही आतून तेवढीच ताणाखाली होती. याच्या कितीतरी आधी, 1952 मध्ये, लंडनच्या जेम्स रॉबर्टसन यांनी आठ दिवस रुग्णालयात एकट्या राहिलेल्या दोन वर्षांच्या मुलीवर माहितीपट केला. ती फारशी रडत नव्हती. शहाण्यासारखी पडून असायची, आणि ते पाहणं रडण्यापेक्षा अवघड होतं. तीन तासांची बालवाडी म्हणजे आठ दिवसांचं रुग्णालय नव्हे, हे खरंच. पण गप्प झालेलं प्रत्येक मूल रुळलेलं नसतं, एवढं त्यातून घ्यायला हवं. म्हणून टीचरना ‘रडला का?’ एवढंच विचारू नये. डबा खाल्ला का, कुणाच्या मांडीवर बसला का, पडला तेव्हा कुणाकडे धावला, हे विचारावं. रडू आल्यावर मूल एका ठरावीक टीचरकडे जाऊ लागलं की ते रुळतंय.

हे घडतं कसं? त्या जर्मन अभ्यासाचं उत्तर साधं आहे. ज्या आया सुरुवातीला जास्त दिवस मुलासोबत पाळणाघरात बसल्या, त्यांच्या मुलांचं आईशी असलेलं नातं सुरक्षित राहिलं किंवा नव्याने तसं झालं. मुलांना पाळणाघरात रुळवण्याच्या ‘बर्लिन पद्धती’त तर पहिले तीन दिवस आई किंवा बाबा खोलीतच असतात, ताटातूट नाहीच. चौथ्या दिवशी काही मिनिटांसाठी बाहेर जाऊन पाहायचं, मग वेळ हळूहळू वाढवायची. आपल्याकडे मात्र ‘पालकांनी गेटच्या आत येऊ नये’ अशी पाटी पहिल्याच दिवशी दिसते. त्यामागे जागेची, शिस्तीची कारणं असतील, पण मुलाच्या दृष्टीने ती पाटी चूक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि हा विचार काही परदेशातून आणायची गरज नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये बोर्डीला गेल्या. तिथल्या आदिवासी मुलांना बालवाडीपर्यंत आणणं कठीण आहे हे दिसल्यावर त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडीच पाड्यांवरच्या अंगणात नेली. मुलाला घरापासून तोडून शिक्षण सुरू करायचं नाही, हे अंगणवाडीच्या मुळाशीच आहे. पुण्यातही, सारसबागेसमोरच्या गरवारे बालभवनात, शोभा भागवतांनी मुलांच्या कलाने चालणारं काम वर्षानुवर्षं करून दाखवलं आहे.

‘दीड वर्षाचा झाला की घालून टाका, लवकर सवय होते.’ वर दिलेले महिने पाहिले तर दीड वर्ष म्हणजे भीतीचा ऐन जोर. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पूर्वप्राथमिक शिक्षण तिसऱ्या वर्षापासून धरलं आहे, आणि महाराष्ट्रात नर्सरी प्रवेशासाठी 31 डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण असावीत असा नियम आहे. ज्या घरात दोघांनाही कामावर जावंच लागतं, तिथे लहान वयात पाळणाघर अटळ असतं, आणि त्यात अपराधी वाटण्यासारखं काहीच नाही. फक्त तिथे सांभाळणाऱ्या ताई दर दोन महिन्यांनी बदलत नाहीत ना, हे फीपेक्षा आधी पाहावं.

‘दुपटं बरोबर दिलं की सवय बिघडते.’ नाही बिघडत. घरच्या वासाचं दुपटं किंवा आईचा रुमाल मुलाला धीर देतो, आणि गरज संपली की मूल स्वतःच तो दप्तरात विसरतं. सोमवारी किंवा सर्दी-तापाच्या सुट्टीनंतर पुन्हा रडणं हेही नेहमीचंच. आजोबांनी सोडलं की रडत नाही आणि आईने सोडलं की रडतं, यात आईचा कमीपणा नाही; आजोबा सोडणार असतील तर खुशाल सोडू द्यावं. घ्यायला गेल्यावर आईला पाहून मूल हुंदके देतं, ते बहुधा दिवसभर धरून ठेवलेलं असतं. तिथे ‘आता का रडतोस?’ न म्हणता उचलून घ्यावं.

मात्र प्रत्येक रडणं ‘होतं सगळ्यांचं’ म्हणून सोडायचं नसतं. मूल एखाद्याच माणसाचं नाव काढल्यावर घाबरत असेल, अंगावर न समजणाऱ्या खुणा असतील, तर त्याच दिवशी शाळेत जाऊन विचारावं आणि डॉक्टरांना दाखवावं. महिना उलटला तरी खाणं, झोप आणि खेळणं सावरत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांशी बोलावं. विभक्त होण्याच्या भीतीला आजार म्हणण्यासाठीही ती वयाच्या मानाने जास्त आणि मुलांत किमान चार आठवडे टिकलेली असावी लागते.

पुढच्या जूनसाठी प्रवेश घेताना भिंतीवरची चित्रं आणि एसी पाहण्याआधी दोनच गोष्टी विचाराव्यात: पहिले काही दिवस मला आत बसू द्याल का, आणि मूल रडलं तर त्याला कोण उचलून घेईल? दुसऱ्या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर मिळालं, तर प्रवेशाचा अर्ज तिथेच भरावा.