बारा, चार, आठ

मे 1995. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव, गावात एकच टॉकीज. 'हम आपके हैं कौन' लागलाय. मुंबईत तो 5 ऑगस्ट 1994ला लागला आणि लिबर्टीतून अजून उतरलेला नाही. इकडे पेटी यायला इतके महिने गेले.

सकाळी 10.00
ऑपरेटर केबिनचं कुलूप काढतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. शर्ट खिळ्याला अडकवला, अंगात बनियन. दाराशी वाळूच्या लाल बादल्या, भिंतीवर काचेत लायसन्स. दोन मशिनी शेजारी शेजारी. फिल्म जिथून सरकते ती वाट मामा ब्रशनं झाडतात, मग मलमलीच्या फडक्यानं पुसतात. "एक कण राहिला तर रीळभर रेघ ओढत जातो," ते म्हणतात. "आणि ती येते नेमकी माधुरीच्या तोंडावर."

10.40
मोठी दहा रिळं. एकेक दोन हजार फुटांचं, पाच किलोच्या आसपास. असिस्टंट पोरगा ती फळीवर क्रमानं मांडतो. मामा प्रत्येक रिळाची कड दोन बोटांत धरून हळूहळू फिरवतात. दात कुठे फाटलाय, जोड कुठे सुटत आलाय, ते बोटांना कळतं. चार नंबरच्या रिळात एक जुना जोड लागला. त्याच्यावर त्यांचं बोट जरा थांबलं.

11.30
खाली खिडकीवर रांग. स्टॉल दहा रुपये, बाल्कनी पंधरा. एरवी इथे चार खेळ होतात. हा पिक्चर तीन तास वीस मिनिटांचा, त्यामुळे तीनच. बारा, चार, आठ. लग्नसराई आहे. एका ट्रॅक्समधून अख्खं वऱ्हाड उतरलंय, नवरीच्या हाताची मेंदी अजून लाल. एवढ्या बायका या टॉकीजला एकदम आलेल्या मी पाहिल्या नव्हत्या. म्हाताऱ्या सासवासुद्धा.

12.00
कार्बनच्या दोन कांड्या मामा एकमेकींना टेकवतात. चर्रकन उजेड. मग अंतर देतात. कांड्या जळत राहतात, तसं अंतर वाढतं, पडदा पिवळा पडतो. म्हणून दर थोड्या वेळानं काळ्या काचेतून बघायचं आणि मूठ फिरवायची. मे महिना, वरती पत्रा, समोर ही भट्टी. पंखा आहे, पण तो गरम हवाच फिरवतो.

12.21
पहिलं रीळ संपत आलं. मामा भोकातून पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्याकडे डोळा लावतात. तिथे एक ठिपका येतो. फक्त चार फ्रेम, सेकंदाचा सहावा हिस्सा. पहिल्या ठिपक्याला दुसऱ्या मशीनची मोटर. सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला झडप. एक हात इकडे, एक तिकडे. खाली कुणाला काही कळत नाही. मी सगळा वेळ पडद्याकडेच बघत होतो, तरी पहिला ठिपका माझ्या नजरेतून निसटला.

"मंडळी तीनदा पाहून गेली," मामा म्हणतात. "पोरगी विचारते, त्या गाण्यात माधुरीची साडी कसली? मी काय सांगू? गाणं सुरू झालं की मी कोपऱ्यात बघत असतो." जांभळी, मी सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि कांडी पुढे सरकवली.

लक्ष्मीकांत बेर्डे पडद्यावर आला की स्टॉलमधून शिट्ट्या. मामा इथे मात्र हसतात. संगीत रामलक्ष्मणचं, म्हणजे आपल्या विजय पाटलांचं, हेही ते अभिमानानं सांगतात.

3.40
खेळ सुटला. बायका डोळे पुसत बाहेर पडतात. थोरली सून जिन्यावरून पडते तिथपासून पुढे रडणं ठरलेलं, असं डोअरकीपर सांगतो. केबिनमध्ये चहा येतो. पोरगा शेवटची रिळं हातानं उलटी गुंडाळतोय. दहा रिळं, दिवसातून तीनदा.

5.12
चार नंबरचं रीळ. खट्. पडदा पांढरा. खाली आरडाओरडा, बाकं बडवणं. मामांनी झडप पाडली, मोटर बंद केली, तुटलेलं टोक ओढून घेतलं, फिल्म पुन्हा दातांवर बसवली आणि खालच्या रिळाला गुंडाळली. तोंडातून शब्द नाही. मिनिटभरात लग्न पुन्हा सुरू.

रीळ उतरल्यावर जोडकाम. फाटलेला तुकडा कात्रीनं नेमका फ्रेमच्या रेघेवर कापायचा. एका टोकाचा बिनचकाकीचा थर ब्लेडनं खरवडायचा, सिमेंटचा एक थेंब, दाताला दात जुळवून दाबून धरायचं. मामा ओठ हलवत आकडे मोजतात. पाच फ्रेम गेल्या. वहीत तशी नोंद झाली, कारण पेटी परत जाताना डिस्ट्रिब्युटरचा माणूस विचारतो.

8.00
तिसरा खेळ. सकाळची रग मामांच्या खांद्यात उतरलीय. ते स्टुलावर बसतात, पण वीस मिनिटांना उठावंच लागतं. पगार महिना चौदाशे. पोरगा पंचवीस रुपये रोजावर. कांड्यांवरचा तांब्याचा मुलामा वितळून थेंब खाली पडतात, ते तो डब्यात साठवतो. भंगारवाला घेतो. ते पैसे असिस्टंटचे, असा इथला रिवाज. डबा अर्धा भरलाय.

11.45
शेवटचं रीळ गुंडाळून झालं. पोरगा दारात घुटमळतो.

"मामा, रविवारी बहिणीचं लग्न हाय. दोन दिस पायजेत."

"शनिवार-रविवार? हाऊसफुल्ल असतंय रं."

"हळद शनिवारी हाय."

मामा बोटांवर हिशेब करतात. बदली माणूस तीसच्या खाली येत नाही, आणि वरचे पाच मालक देणार नाही.

"हळदीला जा, लग्नाला जा," ते म्हणतात. "पण रविवारी आठच्या खेळाला हजर व्हायचं. बारा आणि चार मी एकटा ओढतो."

"वरात रात्री हाय, मामा."

मामा कुलूप हातात घेऊन उभे. "बरं. आठचाही ओढतो. सोमवारी दहाला यायचं, आणि येताना बुंदी आण."