टेस्ट ड्राइव्ह घ्यावी, पण आपल्या रस्त्याने

शोरूमवाले टेस्ट ड्राइव्हला नेतात तो रस्ता रुंद आणि सपाट असतो. तिथे कुठलीही गाडी छानच चालते. माझा रोजचा रस्ता म्हणजे शाळा, मंडई आणि सोसायटीचं बेसमेंट. म्हणून यंदा गाड्या बघताना मी सांगून टाकलं, सकाळी शाळेच्या वेळेला गाडी घरी आणा.

मुलांची सीट सोबत हवी

ब्रोशरमध्ये ‘आयसोफिक्स’ लिहिलेलं असतं. म्हणजे मागच्या सीटच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यांत मुलाची सीट खटकन अडकते. एका गाडीत त्या इतक्या खोल होत्या की माझं नख तुटलं. तेव्हा घरची सीट न्या आणि सेल्समनलाच बसवायला सांगा, खरं काय ते दोन मिनिटांत कळतं.

तान्ह्या बाळाची सीट मागे तोंड करून लावतात. ती लावल्यावर पुढची सीट इतकी सरकवावी लागली की नवऱ्याचे गुडघे डॅशबोर्डला टेकले. ही सीट पुढे, चालू एअरबॅगसमोर कधीही लावायची नाही. आणि ‘मांडीवर घेते की’ म्हणणाऱ्या आजीला सांगायला कायदाही आहे: 2019च्या दुरुस्तीनुसार 14 वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा चाइल्ड सीटशिवाय नेलं तर 1000 रुपये दंड.

तारे कुणाचे?

‘भारत एनकॅप’ची क्रॅश चाचणी 1 ऑक्टोबर 2023पासून सुरू झाली. तिच्यात मोठ्यांच्या सुरक्षेला 32 पैकी आणि मुलांच्या सुरक्षेला 49 पैकी गुण मिळतात, तारेही वेगवेगळे. जाहिरातीत ‘फाइव्ह स्टार’ दिसलं की मुलांचे किती, ते विचारा. चाचणी कंपनीच्या मर्जीवर आहे, त्यामुळे काही गाड्यांना तारेच नसतात. सेल्समन मात्र सनरूफ दाखवत राहतो. माझ्या लेखी ते पोरांना उभं राहायला दिलेलं आमंत्रण!

चढ आणि डिकी

बेसमेंटच्या चढावर मुद्दाम थांबा, एसी चालू आणि घरचे सगळे आत. हिल होल्ड असेल तर ब्रेकवरून पाय काढल्यावरही गाडी क्षणभर धरून राहते. माझ्यासारख्या बुटकीने सीट वर करून बॉनेटचा कोपरा दिसतो का, तेही पाहावं.

डिकीचे लिटर ऐकून काही समजत नाही. दोन दप्तरं, बाबागाडी आणि भाजीची पिशवी ठेवून बघा. सीएनजी घेणार असाल तर सीएनजीचीच गाडी मागवा, कारण टाकी बहुतेक डिकीतच असते.

बटणं

एसी कमी करायला स्क्रीनवर तीनदा बोट लावावं लागलं, तेवढ्यात मागे भांडण जुंपलं. गोल बटण न बघता फिरवता येतं. सीटचा रंग फिका क्रीम होता. धाकटीने वरणभाताचा हात लावला आणि सेल्समनचा चेहरा उतरला. ती गाडी आम्ही तिथेच सोडली.