छातीत कळ, पण रक्तवाहिन्या मोकळ्या!

सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी विटा, खानापूर, आटपाडीकडची कुटुंबं गाव सोडून देशभर पांगली. त्यांतली काही कोलकात्यातही स्थिरावली. गावाकडून कुणी गेल्याचा निरोप येतो आणि गाडीनं पोहोचायला दीड दिवस लागतो. शेवटचं तोंडही पाहायला मिळत नाही. अशा धक्क्यानं साठीतल्या बाईच्या छातीत कळ आली, तर तिला धीर देत घरी बसवून ठेवणं धोक्याचं ठरू शकतं.

रुग्णालयात ईसीजी बिघडलेला दिसतो, रक्ततपासणीही हृदयविकाराकडेच बोट दाखवते. अँजिओग्राफीत मात्र रक्तवाहिनीत अडथळा सापडत नाही. इकोमध्ये उलगडा होतो. हृदयाचा डावा कप्पा खालच्या बाजूला फुग्यासारखा फुगलेला असतो. अरुंद गळ्याचं, गोल पोटाचं ऑक्टोपस पकडायचं मडकं जपानी कोळी वापरतात. हा आकार तसाच दिसतो, म्हणून १९९० साली जपानी डॉक्टरांनी या विकाराला त्या मडक्याचंच नाव दिलं, ‘ताकोत्सुबो’. तीव्र ताणात अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्यं एकदम उसळतात आणि हृदयाचा स्नायू काही काळ लुळा पडतो, असं मानलं जातं.

‘काही निघालं नाही’ म्हणू नका

बहुतेकींचं हृदय काही आठवड्यांत पूर्ववत होतं. म्हणून घरचेही निर्धास्त होतात. पण २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १,७५० रुग्णांच्या आंतरराष्ट्रीय पाहणीत रुग्णालयातच सुमारे ४ टक्के रुग्ण दगावले होते. दर १० रुग्णांत ९ स्त्रिया होत्या, बहुतेक पाळी गेलेल्या. दुःख, भीती, संताप यांपेक्षाही दमा, शस्त्रक्रिया, जंतुसंसर्ग अशा शारीरिक ताणाची कारणं जास्त आढळली.

अमेरिकेतल्या नोंदींनुसार, घरी गेलेल्यांपैकी साधारण १० जणांत एकाला महिन्याभरात पुन्हा दाखल व्हावं लागतं. हृदयाची ताकद कमी पडणं हे त्याचं एक प्रमुख कारण. हाच विकार पुन्हा होण्याचं प्रमाण वर्षाला सुमारे २ टक्के आहे आणि तो हमखास टाळणारं औषध अजून सिद्ध झालेलं नाही.

घरच्यांनी काय करावं?

डिस्चार्जचा कागद आणि इकोचा अहवाल जपून ठेवावा. गावी जाताना तो सोबत असावा. औषधं आपल्या मनानं बंद करू नयेत. डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेला इको पुन्हा करून घ्यावा. दमा, रक्तदाब, थायरॉईड यांचे उपचार नियमित ठेवावेत. धाप लागली, पायांना सूज आली, धडधड किंवा चक्कर जाणवली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. छातीत पुन्हा कळ आली तर ‘मनाला लावून घेतलंय’ म्हणून थांबू नये. मनाचा ताण की अडकलेली रक्तवाहिनी, हे घरी बसून ओळखता येत नाही.

आणि तिला रडू द्यावं. ‘आता विसर’ असं सांगण्यापेक्षा शेजारी बसून तिचं ऐकून घेणारं माणूस तिला हवं असतं. झोप उडाली, जेवण तुटलं, तर मनाच्या डॉक्टरांकडे नेण्यात कमीपणा मानू नये. हृदय सावरलं तरी मनाला सावरायला त्याहून जास्त दिवस लागतात, एवढं घरानं ध्यानात ठेवावं.