भाषेच्या उंबरठ्यावरचे शब्द

मनुष्याच्या भाषेंत नवा शब्द आला म्हणजे त्याची परीक्षा काळ घेतो. सावरकरांचा 'महापौर' मराठींत रुजला. भाषाशुद्धीच्या त्याच चळवळींतले दुसरे कित्येक प्रतिशब्द मागें पडले, आणि त्यांवांचून कोणाचें कांहीं अडलें नाहीं. संगणकास ज्या भाषेंत आज्ञा लिहून द्यावयाच्या, तिचा कारभार इतका सैल नसतो. यंत्र अंदाज बांधीत नाहीं. भाषेंत घेतलेला शब्द उद्यां काढून टाकला, तर त्यावर विसंबून लिहिलेली एखाद्या बँकेची हिशेबव्यवस्था तेथेंच थांबावयाची. म्हणून नवा शब्द घेणें सोपें, घालविणें महाकठीण.

पर्ल या भाषेची हकीकत पाहावी. २००७ सालीं तिच्या ५.१० या आवृत्तींत 'स्मार्टमॅच' नांवाचें तुलनाचिन्ह आलें. समोर संख्या आहे, शब्द आहे कीं यादी आहे हें स्वतःच ओळखून त्यानें तुलना करावयाची. दिसावयास फार सोयीचें. परंतु त्याचे नियम इतके गुंतागुंतीचे कीं मुरलेले लेखकही चकत. अखेर २०१३ मध्यें त्यावर 'प्रायोगिक' अशी चिठ्ठी लागली. मूल सहा वर्षांचें झाल्यावर बारसें करावें, तसा हा प्रकार! २०२३ सालीं त्यास निरोप देण्याचें जाहीर झालें. ५.४२ ही आवृत्ति तयार होत असतां तें काढण्यांतही आलें. पण बरीच चर्चा होऊन पुन्हां जागेवर बसविण्यांत आलें, आणि २०२५ मध्यें आवृत्ति निघाली ती त्यासकट. नको असेल त्यानें आपल्यापुरतें तें बंद करावें, एवढीच सोय झाली.

जावा या भाषेनें २०१९ पासून उलट वाट धरली. तिची नवी आवृत्ति दर सहा महिन्यांनीं निघते. परीक्षेवरचें वैशिष्ट्य तींत घातलेलें असतें, परंतु कुलुपांत. लिहिणारानें 'प्रीव्ह्यू' हवा असें स्पष्ट सांगावें, तेव्हां तें उघडतें. चालविणारासही तीच संमति पुन्हां द्यावी लागते. शिवाय यंत्रासाठीं तयार झालेली ती प्रत त्याच आवृत्तीवर चालते, पुढची आवृत्ति ती नाकारते. ही गैरसोय हेतुपुरस्सर आहे. मांडवाखालीं कोणी पक्कें घर बांधूं नये.

याचा उपयोगही दिसला. अनेक पर्यायांतून एक निवडून उत्तर देणारी 'स्विच' ही रचना १२व्या आवृत्तींत आली, तेव्हां उत्तर देण्यासाठीं 'ब्रेक' हा शब्द योजिला होता. परंतु 'येथून बाहेर पड' हा त्याचा अर्थ पूर्वींच रूढ. एकाच शब्दाला दोन धनी झाले. १३व्या आवृत्तींत त्याच्या जागीं 'यील्ड' आला, आणि मार्च २०२० मध्यें १४व्या आवृत्तींत रचना कायम झाली.

तरीही या योजनेंत एक उणीव राहते. कुलूप उघडतात ते बहुधा हौशी. ज्या बँकांना चुकीची झळ सर्वांत अधिक, त्या अशा खोलींत पाऊल टाकीत नाहींत. साक्ष मिळते ती निम्मीच.

मजकुरांत नांवें वा रकमा गुंफण्याची 'स्ट्रिंग टेम्प्लेट' ही सोय २१व्या व २२व्या आवृत्तींत चांचणीस ठेविली होती. आराखडाच मुळांतून बदलावयास हवा असें ठरून २०२४ च्या सप्टेंबरांत, २३व्या आवृत्तींत, ती काढून घेतली. ज्यांनीं ती वापरली त्यांना आपलें लिखाण बदलावें लागलें, पण फसवणुकीची तक्रार करण्यास जागा नव्हती. २०२५ च्या सप्टेंबरांतील २५व्या आवृत्तींतही ती परतलेली नव्हती.